मग आम्ही काय करावं? ख्रिस्ताची शिकवण रोजच्या व्यवहारात आणताना

यार्देन नदीच्या काठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं बोलणं ऐकून लोक हादरले आणि त्यांनी विचारलं, ‘मग आम्ही काय करावं?’ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. नव्या माणसाने सुरुवात करायला याहून सोयीची जागा मला तरी दिसत नाही, कारण योहानाची उत्तरं रोखठोक आहेत. दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्या. जकातदार आले, त्यांना सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपाई आले, त्यांना सांगितलं, धाक दाखवून कुणाकडून पैसे उकळू नका, पगारात भागवा. धंदा सोडा आणि रानात चला, असं तो कुणालाच म्हणाला नाही. ज्याच्या धंद्यात जी खोट होती, तिच्यावर बोट ठेवलं आणि पुढच्याकडे वळला.

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली आणि इथल्या एखाद्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समूहात, नुकतीच जायला लागलेली पोरं-पोरी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. तसेच जन्मापासून ख्रिस्ती असलेले, पण रविवारची उपासना झाली की पुढचे सहा दिवस इतरांसारखेच काढणारेही आहेत. कॅथलिक असा की प्रोटेस्टंट, इथे त्याने काही अडत नाही. बहुतेक नवी माणसं उत्साहाच्या भरात पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायची ठरवतात आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सोडून देतात. माझं म्हणणं असं, की आधी आपल्या देण्यांची यादी करा. आपण कुणाचा पगार, कुणाला दिलेला शब्द, कुणाची माफी देणं लागतो, तिथून सुरुवात करा.

पहिली पायरी : तीन अध्याय

बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, वाचायला घेऊ नका. तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, पोचता पोचता दमछाक होते आणि पुस्तक पुन्हा कपाटात जातं. मत्तयच्या शुभवर्तमानाचे 5, 6 आणि 7 हे तीन अध्याय घ्या. डोंगरावरचं प्रवचन ते हेच. सगळी मिळून 111 वचनं आहेत, मोठ्याने वाचली तरी चहा निवायच्या आत फारसं काही उरत नाही. रविवारी तिन्ही अध्याय सलग वाचा आणि त्यातलं एकच वाक्य आठवड्यासाठी निवडा.

निवडलेल्या वाक्याला माणूस, वार आणि ठिकाण जोडा. ‘मी रागावणार नाही’ हा संकल्प सोमवारी सकाळी युनिव्हर्सिटी चौकातच मोडतो. ‘बुधवारच्या मीटिंगमध्ये अमक्याने माझं काम स्वतःच्या नावावर खपवलं, तरी मी त्याला चारचौघांत टोमणा मारणार नाही, नंतर एकट्याला गाठून बोलेन’ हे मात्र जमलं की नाही, ते बुधवारी संध्याकाळी कळतं.

दुसरी पायरी : आपल्या धंद्यातली खोट

योहानाने जकातदाराला शिपायाचं उत्तर दिलं नाही. तसंच तुमचं उत्तर शेजाऱ्याच्या उत्तरापेक्षा वेगळं असणार. त्यामुळे कागद घेऊन बसा आणि विचारा : माझ्या कामात असं काय आहे, जे ‘सगळेच करतात’ म्हणून मीही करतो?

आयटीतल्या नोकरदारांसाठी एक उदाहरण देतो. जानेवारी-फेब्रुवारी आला की कंपनीकडून मेल येतो, गुंतवणुकीचे आणि घरभाड्याचे पुरावे जमा करा. मग कुणी काकांच्या नावाने पावत्या फाडतं, कुणी भाड्याचा आकडा फुगवतं. आई-वडिलांच्या घरात राहून त्यांना खरोखर भाडं देत असाल आणि ते त्यांच्या उत्पन्नात दाखवत असतील, तर त्यात काही गैर नाही. पण बँकेतून एक रुपया न हलता बारा पावत्या तयार होत असतील, तर ‘तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही’ हे वाक्य नेमकं त्या पावत्यांसाठी आहे. हे सांगणाऱ्या येशूच्या समोर अर्थात शपथा घेणारे लोक होते. आता शपथेऐवजी सही असते, इतकाच फरक.

घरमालक असाल तर डिपॉझिट बघा. भाडेकरू निघताना ‘पेंटिंगचे’ म्हणून ठरलेल्यापेक्षा जास्त कापायचे, आणि रंग मात्र पुढच्या भाडेकरूने मागितला तरच द्यायचा, ही पुण्यातली जुनी रीत आहे. कापलेत तेवढे खर्च झालेत का? नसतील तर उरलेले परत पाठवा. दुकान असेल तर वजनकाटा आणि बिल. ठेकेदार असाल तर खालच्या माणसांचं थकलेलं येणं. विद्यार्थी असाल तर हजेरी आणि मित्राच्या फाइलवरून उतरवलेलं जर्नल. ‘निघालोय, पाच मिनिटांत पोचतो’ असं कात्रजच्या घरात सोफ्यावर बसून सांगणं हा प्रकार सगळ्यांनाच लागू आहे. हसण्यावारी नेऊ नका, सवय मोडायला याच्याइतकी स्वस्त जागा नाही.

जक्कयची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. यरीहोतला मुख्य जकातदार, ठेंगणा म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी गेल्यावर तो पठ्ठ्या स्तोत्र म्हणत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, असा हिशेबच त्याने मांडला. चौपट तुम्हाला झेपेल असं नाही. मुद्दल तरी परत करता येतं.

तिसरी पायरी : मजुरी

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुण्यातल्या मध्यमवर्गीय ख्रिस्ती घरांत शिकवण सर्वांत जास्त इथे अडते.

मत्तयच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. उशिरा आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी, यावर प्रवचनं भरपूर होतात. त्याच्या आधीची एक साधी गोष्ट मात्र निसटते : संध्याकाळ झाल्यावर मळ्याचा धनी कारभाऱ्याला म्हणतो, मजुरांना बोलाव आणि त्यांचे पैसे दे. त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत. लेवीय 19:13 मध्ये नियमच आहे, की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवायची नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर दाबून ठेवलेली मजुरीच ओरडते, असं म्हटलंय.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे आकडे असतात आणि काही तारखांवर निळ्या पेनाने फुल्या. त्या फुल्या म्हणजे कामाच्या मावशींचे खाडे. महिनाअखेरीला फुल्या मोजल्या जातात, पगाराला तीसने भाग जातो आणि मावशी हातात आलेल्या नोटांकडे बघून काही न बोलता पदराला गाठ मारतात. आपण मात्र ऑफिसात सिक लीव्ह, कॅज्युअल लीव्ह आणि शनिवार-रविवार घेतलेले असतात.

इथे काय करायचं ते सरळ सांगतो. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आधीच ठरवून द्या, त्यापलीकडचं आजारपणही कापू नका. पगार ठरल्या तारखेला, आणि तुम्ही गावाला जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी. पंधरा दिवस तुमचं घर बंद होतं म्हणून त्यांचा पगार अर्धा होत नाही. त्या यायला तयार होत्या, कुलूप तुम्ही लावलं. दिवाळीला एक पगार जास्तीचा. दर वर्षी वाढ, आणि ती त्यांनी मागायच्या आधी. ‘आमच्या सोसायटीत रेट इतकाच आहे’ हे उत्तर योहानासमोर टिकलं नसतं.

तो वेगळा कपही बघा. सिंकच्या वरच्या फळीवर, कान तुटलेला, फक्त मावशींसाठी ठेवलेला. तो आजच टाकून द्या.

घराबाहेरचं थोडक्यात. वॉचमनचा पगार एजन्सी देते, पण एजन्सी सोसायटी नेमते. वार्षिक सभेत उभं राहून विचारा, की त्याला महिन्याकाठी नक्की किती मिळतात आणि बारा तासांची ड्युटी का आहे. डिलिव्हरीवाल्या पोरांना लिफ्ट वापरू न देण्याचा ठराव तुमच्या सोसायटीने केला असेल तर त्याच सभेत तोही विषय काढा. एका सभेत दोन्ही विषय काढलेत तर सेक्रेटरी तुमच्याशी महिनाभर बोलणार नाहीत, हेही धरून चाला.

चौथी पायरी : भांडण मिटवणं

मत्तय 18:15 पासून भांडणाची रीत पायऱ्यापायऱ्यांनी दिलेली आहे. आधी त्याला एकट्याला गाठून बोला. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. आपण बरोब्बर उलटं करतो. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, मग दोन-तीन जणांना फोन लावून त्यांना आपल्या बाजूला वळवतो, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याशी शेवटपर्यंत बोलत नाही.

तुमच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याने गाडी लावली, समजा. फोटो काढायचा मोह आवरा. जिना चढून जा, बेल वाजवा. ‘पाच मिनिटं आहेत का? गाडीबद्दल जरा बोलायचं होतं’ एवढंच म्हणा आणि पुढचं त्यांना बोलू द्या. चूक आपली असेल तर माफी एका वाक्यात संपवा : ‘परवा मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, ते चुकलंच.’ त्या वाक्याला ‘पण’ जोडलात की माफी मागे आणि वकिली पुढे.

मत्तयच्या पाचव्या अध्यायातली सूचना याहून कडक आहे. वेदीपाशी दान घेऊन गेलात आणि तिथे आठवलं, की भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवा, आधी समेट करून या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाच्या विधीच्या, आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, एक फोन, इतकं वळण लावून घ्या. बापाच्या जागेच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेले भाऊ एकाच देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोन टोकांच्या बाकांवर बसतात, हे आपल्याकडे काही दुर्मीळ नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण घरात मार खाणाऱ्या बाईच्या गळ्यात कुणी बांधू नये. ‘ताई, सहन करा, प्रार्थना करा, तो बदलेल’ असं सांगणारे वडीलधारे मंडळ्यांमध्ये आहेत. त्यांचं ऐकू नका. मारहाण होत असेल तर 112 किंवा महिलांसाठीचा 181 हा नंबर लावा, लहान मुलांचा प्रश्न असेल तर 1098. क्षमा ही नंतरची गोष्ट आहे. ती सुरक्षित जागी बसून करता येते.

पाचवी पायरी : कुणाबरोबर चहा पिता?

या प्रश्नावरून पुण्यात एकदा मोठं वादळ झालंय. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या शहरातल्या प्रतिष्ठितांना चहा-बिस्किटं दिली गेली. कुणी प्यायले, कुणी पेला नुसता हातात धरला. नावं छापून आली आणि ख्रिस्त्यांच्या घरचा चहा प्यायला म्हणून प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्तही घेतलं. गुरुवार पेठेतलं त्या मिशनचं पवित्र नाम देवालय आणि त्याचा उंच घंटेचा मनोरा आजही आहे, जाऊन बघा.

हा किस्सा सांगताना ख्रिस्ती माणसाच्या चेहऱ्यावर ‘बघा, लोक आमच्याशी कसे वागले’ असा भाव येतो. येऊ द्या. पण मग स्वतःच्या टेबलाकडेही बघा. लूक 14 मध्ये येशू यजमानाला सांगतो, जेवण घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस. ते परत बोलावतील आणि फिटंफाट होईल. जे परतफेड करू शकत नाहीत त्यांना बोलाव. नाताळच्या करंज्या आणि केक आपण कुणाकुणाकडे पाठवतो, याची यादी काढा. बहुतेक डबे परत भरून येणाऱ्या घरांतच गेलेले असतात.

शिवाय शुभवर्तमानांत येशू यजमान कमी आणि पाहुणा जास्त आहे. जक्कयकडे तो स्वतःहून जेवायला गेला. नव्या माणसाला हे अवघड जातं, कारण बोलावण्यात मान आपल्याकडे राहतो, जाण्यात तो समोरच्याला मिळतो. मावशींच्या मुलीचं लग्न जनता वसाहतीत असेल तर पाकीट पाठवून सुटका करून घेऊ नका. जा, पंगतीला बसा, वाढलेलं संपवा.

आणि जात. ख्रिस्तात कुणी यहुदी नाही, ग्रीक नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वाक्य पाठ असलेली माणसंही मुलाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘मूळचे कुठले? आधीचं आडनाव काय?’ असं हळूच विचारतात. तुमच्या घरात हा प्रश्न निघाला तर उत्तर देऊ नका. इतरांनीही विचारू नये यासाठी कुणीतरी गप्प राहायला सुरुवात करावी लागते.

सहावी पायरी : देणं

दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, द्यावा की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक आकडा ठरवा, पगार जमा होताच तेवढा बाजूला काढा आणि त्यावर चर्चा थांबवा. सुरुवातीला पाच टक्के जमत असतील तर पाच. डाव्या हाताला कळू नये अशी अट आहे, म्हणून फोटो नको, स्टेटस नको. आश्रमात जाऊन अनाथ मुलांच्या हातात केक देताना काढलेला वाढदिवसाचा फोटो तर नकोच नको.

कापणीच्या सणाला देवळात लिलाव होतो, तो बघण्यासारखा असतो. कुणाच्या परसातलं पपईचं फळ, कुणाची गावरान अंडी, एखादा भोपळा, आणि बोली वाढत वाढत नारळाला पाचशे रुपये. मजा म्हणून ते ठीक, मीही बोली लावतो. पण ते देणं गर्दीसमोरचं आहे, त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

देण्याची दुसरी रीत शिकायची असेल तर पंडिता रमाबाईंकडे बघा. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन त्यांनी 1890 मध्ये पुण्यात आणलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली-बायका आणल्या आणि दौंड मार्गावरच्या केडगावात त्यांना निवारा दिला. तोच मुक्ती मिशन. नुसतं अन्न देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, छापखाना, सगळी कामं मुलींच्या हातात दिली. एखाद्याला तुम्ही दर महिन्याला पाचशे रुपये देत असाल, तर कधीतरी त्याच्यासाठी नोकरीचा अर्ज भरून द्यायला एक दुपारही द्या.

सातवी पायरी : प्रार्थना

इतक्या उशिरा का, असं विचाराल. कारण वरचं काही सुरू केलंत की प्रार्थनेला विषय आपोआप मिळतो. येशूने शिकवलेली प्रार्थना रोज रात्री एकदा, सावकाश म्हणा. ‘आम्ही जशी ऋणं सोडली तशी तू आमची सोड’ इथे थांबा आणि दिवसभरातलं एक नाव घ्या. खोलीत जाऊन दार लावून घ्या, असं मत्तयच्या सहाव्या अध्यायात आहे. तिघांत एक खोली असलेल्या पीजीत दार लावणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. गच्ची आहे, पार्किंगमध्ये उभी केलेली गाडी आहे, पीएमपी बसची खिडकीजवळची सीट आहे.

आठवी पायरी : मंडळी

एकट्याने हे फार दिवस निभत नाही. पुण्यात पर्याय भरपूर आहेत. नाना पेठेतलं क्वार्टर गेटचं सिटी चर्च 1792 चं, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती सैनिकांसाठी मिळालेल्या जागेवर उभं राहिलेलं. पंचहौदचं वर आलंच. कर्वे रस्त्याला सेंट क्रिस्पिन्स आहे, कॅम्पात तर पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर देवळं आहेत. मराठी उपासनेच्या आणि मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळा ठिकठिकाणी निराळ्या असतात, बदलतातही. आधी फोन करून जा.

निवडताना आवाज चांगला कुणाचा, गिटार कुठे आहे, यावर जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. वर्गणीचा वार्षिक हिशेब सभासदांना दाखवला जातो का? मंडळीतलं कुणी आजारी पडलं तर ससून रुग्णालयात त्याच्याजवळ रात्री कोण बसतं? आणि पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, कुणी ‘नाही’ म्हणू शकतं का? ‘विश्वास ठेवा आणि गोळ्या बंद करा’ असं जिथे सांगितलं जातं, तिथून लगेच निघा, मग बरं झाल्याची साक्ष देणारे कितीही असोत. लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याला प्रिय वैद्य म्हटलंय. रक्तदाबाची, मधुमेहाची, मनाच्या आजाराची औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाहीत.

जागा ठरली की पहिल्या महिन्यात काम मागा. संडे स्कूलला शिकवायला माणूस कमीच असतो, आणि हिशेब नीट लिहिणारा तर कुठल्याच मंडळीला पुरत नाही. स्टेजवर गायला मात्र वर्षभर मागू नका.

गावाकडच्या मंडळीतून आला असाल तर तिथल्या पाळकांचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला सोबत आणा. कॅथलिक असाल तर नव्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ऑफिसात कुटुंबाची नोंद करून घ्या. लग्न ठरल्यावर हे कागद लागतात आणि तेव्हा अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) नाहीतर जालन्याच्या फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून आधीच आणून फाइलला लावून ठेवा.